रेडिओच्या तोंडावरचं कापड

ऐकू येतंय ना? येत असेल तरच पुढे बोलतो, नाहीतर उगाच घसा कशाला कोरडा करू.

मी रेडिओच्या तोंडावरचं कापड बोलतोय. जुना, लाकडी खोक्याचा रेडिओ पाहिलात ना? त्याच्या पुढच्या अंगाला, जिथून आवाज येतो तिथे ताणून बसवलेलं कापड असतं, तो मी. रेडिओनं आपली कहाणी सांगितली की लोक कौतुकानं ऐकतात, डोळेबिळे पुसतात. कापडाला कोण विचारतंय? माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती. पण गेली दोन वर्षं एका शहाण्या माणसानं माझ्यापायी जो तमाशा मांडला, तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म गिरणीतला. तपकिरी धागा आणि मधूनमधून सोनेरी, असा माझा वाण. शेजारच्या मागावर पडद्यांची कापडं विणली जायची. घट्ट विणीची, अंगानं भरलेली, तोऱ्यात असायची. मला बघून हसायची. याच्यातून तर आरपार दिसतं, म्हणायची, हा कुणाची लाज झाकणार? मी खट्टू व्हायचो. पण आमच्या मागावरचा मास्तर खमक्या होता. कापडाच्या ठाणातून तुकडा कापायचा, तोंडासमोर धरायचा आणि फुंकर मारायचा. पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागला तर माल पास, नाही लागला तर परत. आमचं कामच ते. पुढे उभं राहायचं आणि कुणाचा आवाज अडवायचा नाही. सोपं वाटतं ना? तुमच्या घरात किती जणांना जमतं ते बघा एकदा.

पुढे रेडिओच्या कारखान्यात मला एका फळीवर ताणून चिकटवलं. फळीला मोठं गोल भोक, भोकामागे स्पीकर, पुढे मी. तिथून दुकानाच्या काचेत आणि काचेतून अण्णांच्या घरी. अण्णा गोदामात कारकून होते. बोलायचं म्हटलं की त्यांना कष्ट पडायचे. त्यांची बायको मात्र बोलकी. इमारतीतले सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागलो. आज त्या ऐंशीच्या पुढे गेल्या तरी माझ्या तोंडी तेच येतं.

पहिल्या दिवशी रेडिओ लागला तेव्हा खोलीत शेजारपाजारची ही गर्दी. सगळे लांबून बघत होते. वहिनी पुढे आल्या आणि सरळ माझ्यावर तळवा ठेवला. ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. म्हणाल्या, "अगबाई, हा तर श्वास घेतोय." सगळे हसले. अण्णासुद्धा हसले, आणि ती काही रोजची गोष्ट नव्हती. आजवर मला पुष्कळ जणांनी हात लावला, पण असं कुणी बोललं नाही.

दुपारी घर रिकामं झालं की आमची बैठक बसायची. अण्णांचा पगार बेताचा आणि शर्ट त्याहून बेताचे. कॉलर विरली की वहिनी ती उसवायच्या, उलटी करायच्या आणि परत शिवायच्या. आतली बाजू कोरी करकरीत असायची. अण्णा नवा शर्ट घातल्यासारखे मान ताठ करून कामावर जायचे. हळूहळू सगळ्या इमारतीच्या कॉलरी वहिनींकडे यायला लागल्या. तर दुपारी मांडीवर उसवलेला शर्ट, ओठात टाचणी आणि समोर मी. बातम्या लागायच्या. बातम्या सांगणारे गृहस्थ भलतेच गंभीर. ते सांगायचे, मंत्रिमहोदयांनी जनतेला काटकसर करण्याचं आवाहन केलं आहे. वहिनी ओठातली टाचणी काढून म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, इकडे या आणि आमच्या कॉलरी बघून जा." 

भांडायला हक्काचं माणूस लागतं. अण्णा भांडायचे नाहीत, घरी आले की पेपरात तोंड घालायचे. म्हणून वहिनी बातम्यावाल्याशी भांडायच्या. त्यानं दहा मिनिटं बोलावं आणि यांनी वाक्यावाक्याला उलट उत्तर द्यावं. त्याचं बोलणं माझ्यातून त्यांच्या कानात जायचं आणि त्यांची उत्तरं माझ्या तोंडावर यायची. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता.

वहिनींना एकच मुलगा, बाळ. चार-पाच वर्षांचा असताना त्याला खात्री पटली की बातम्यावाला आतच बसलाय. मग काय, पेन्सिलीला टोक काढलं आणि दिली माझ्या पोटात खुपसून. भोकाला डोळा लावून बघितलं आणि जाहीर केलं की तो पळून गेला. वहिनींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सुईदोरा घेऊन मला जागच्या जागी रफू केलं. ती रफूची गाठ अजून आहे, खालच्या कोपऱ्यात. लक्षात ठेवा, पुढे तिचा विषय निघणार आहे.

मग टीव्ही आला. आला तसा सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. रेडिओ खिडकीशी गेला. रोजचं ऊन आणि अण्णांच्या सिगारेटचा धूर खाऊन माझा रंग उडाला. वर फुलदाणी आली. मला तर कुणी टाचण्या खोचायची गादी केलं. पुढे तेही नको झालं आणि आम्हाला माळ्यावर टाकलं, फुटक्या बादलीच्या शेजारी. अण्णा गेले तेव्हा मी माळ्यावरच होतो. खालचं रडणं ऐकलं. वर येऊन कुणी सांगितलं नाही, आणि का सांगावं? पण वाईट वाटलं. त्यांचं पहिलं हसू मी बघितलं होतं.

बरीच वर्षं गेली. बाळ साठीला आला, निवृत्त झाला, पोट सुटलं, केस गेले, नाव तेवढं बाळ राहिलं. निवृत्त माणसाला काहीतरी नाद लागतोच. याला जुन्या रेडिओंचा लागला. मोबाइलवर अशा नादिष्टांचा एक गट होता, त्यात हा शिरला.

त्याच सुमाराला वहिनींच्या कानांचं दुखणं निघालं. कानाच्या डॉक्टरनं तपासलं आणि बाळला बाजूला घेऊन सांगितलं, "उजवा गेलाच आहे. डावा चाललाय. यंत्रानं थोडे दिवस निघतील, पण जे काही ऐकवायचंय ते आत्ता ऐकवून घ्या." यंत्र आणलं. ते वहिनींच्या कानात नुसत्या शिट्ट्या मारायचं, म्हणून त्यांनी त्याला खणात बसवलं. डॉक्टरकडून घरी येताना बाळचे डोळे भरले होते, हे मी सूनबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, तोंडून ऐकलं. आल्या आल्या तो माळ्यावर चढला, रेडिओ खाली घेतला आणि म्हणाला, "आई, तुझा रेडिओ तुला परत ऐकवतो. महिन्याभरात बोलेल बघ."

वहिनींचं तोंड काय उजळलं म्हणून सांगू! तो बातम्यावाला अजून आहे का रे, असं विचारलं त्यांनी. तो कधीच वर गेला असणार. पण दुसरा कुणीतरी असेल, भांडायला काय, कुणीही चालतं.

बाळनं शब्द पाळला, हेही सांगायला हवं. दुरुस्तीवाल्यानं आतलं सगळं नीट केलं. रेडिओ बोलायला लागला. त्याच दिवशी घरी आणून लावला असता तर माझी गोष्ट इथे संपली असती आणि तुम्ही आपल्या कामाला लागला असतात. पण बाळनं त्याआधी गटावर फोटो टाकला.

त्या गटात एक काका आहेत. त्यांना सगळे ओरिजिनल काका म्हणतात, कारण त्यांना स्क्रूसुद्धा ओरिजिनल लागतो. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि निकाल दिला. बाकी ठीक, पण कापडाचा रंग उडालाय, मधे धुळीचं काळं कडं आहे, खाली कुणा गाढवानं भोक पाडलंय. तोंड असं असेल तर रेडिओ मेल्यातच जमा. बाळनं खाली लगेच लिहिलं, खरंय काका, लोकांना वस्तूंची किंमतच नसते. आता बोला! मला तोंड असून बोलता येत नव्हतं म्हणून वाचला.

मग मला फळीवरून सोलून काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि नमुना म्हणून बाळच्या खांद्यावरच्या बॅगेत टाकलं. अशी माझी वणवण सुरू झाली. रेडिओ टेबलावर उघडा, अंगावर चादर घातलेला.

आम्ही कापडांची दुकानं पालथी घातली. दुकानात शिरायचं, बाळनं मला बाहेर काढायचं आणि म्हणायचं, असं दाखवा. दुकानदार मला चिमटीत धरायचा. शर्टाला हवंय का सोफ्याला, विचारायचा. रेडिओला म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. काकांनी फुंकर मारून बघायला सांगितलं होतं, म्हणून बाळ एकेक कापड तोंडाला लावून फू फू करायचा. बाजूच्या बायका लेकरांना जवळ ओढून घ्यायच्या. एका दुकानातून तर आम्हाला बाहेरच काढलं, आणि मला दुकानदाराचं चुकलं असं वाटत नाही.

फुंकरीचा कंटाळा आला तेव्हा बाळनं रंगावर भर दिला. माझ्या रंगाला अगदी जुळणारं कापड सापडलं. कुठलं? पडद्याचं! माझ्या जुन्या शेजाऱ्यांपैकी एक, तोच तोरा, तीच घट्ट वीण. फळीवर बसलं काय आणि ऐट काय. गटावर फोटो गेला, शाबासकीच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. बाळनं आईला समोर बसवलं आणि रेडिओ लावला. तोंडात पाण्याची चूळ धरून माणसानं बोलावं, तसा आवाज आला. वहिनी कान पुढे करून ऐकत राहिल्या. कपाळाला आठ्या घातल्या, डावा कान आणखी जवळ नेला. मग म्हणाल्या, "काय बोलतोय ते कळत नाही रे."

बाळनं ओळखलं की स्पीकर बिघडलाय. वहिनींनी ओळखलं की आपला कान गेला. त्या उठल्या आणि आत जाऊन भाजी निवडत बसल्या. पिशवीतून मी बघत होतो. माझा जीव तुटला. अहो, कान शाबूत होता त्यांचा त्या दिवशी. चुकलं होतं ते कापड. पण तिथे बोलणार कोण?

बाळ मग स्पीकरच्या मागे लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, स्पीकर चांगला आहे, तर हा म्हणाला तू लबाड आहेस. दुसऱ्याकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. स्पीकर उघडला, परत चिकटवला. यात किती दिवस गेले विचारू नका. शेवटी एकदा पडद्याच्या कापडाचा कोपरा डिंकातून सुटला आणि कापड खाली लोंबलं, तसा आवाज एकदम मोकळा झाला. बाळ कपाळाला हात लावून बसला. वहिनी तेव्हा घरात नव्हत्या. त्या आल्यावर निदान सांगावं ना, की आई, त्या दिवशी तुझा कान ठीक होता? ते राहिलंच. त्यानं गटावर मात्र पानभर लिहिलं.

वहिनी रोज संध्याकाळी विचारायच्या, "झालं का रे?" सुरुवातीला बाळ आतल्या खोलीतून म्हणायचा, होतंय. पुढे त्याला दारात येऊन सांगावं लागायचं. नंतर जवळ येऊन. मग ओरडून. मग नुसता हातानं, होईल होईल. सूनबाई हुशार, ती हाक मारायची सोडून खांद्याला हात लावायला लागली. बाळच्या काही ध्यानात आलं नाही. त्याला वाटायचं, आई हल्ली फार विचारते.

एकदा वहिनी म्हणाल्या, कापडाशिवायच लाव की, मला काय त्याचं तोंड बघायचंय? बाळ म्हणाला, "धूळ जाते आत. तुला नाही कळायचं आई." आणि आपण घरात नसताना कुणी परस्पर लावू नये म्हणून रेडिओची वायर सोडवून कपाटात कुलपात ठेवली. आईला रेडिओ ऐकवण्यासाठी चाललेल्या खटाटोपात रेडिओला आईपासून वाचवायची वेळ आली. याला म्हणतात नाद.

मग परदेशातून कापड मागवलं. ते आलं तेव्हा विणीला चांगलं होतं, माझ्याच जातीचं, पण नवंकोरं, बोहल्यावर उभं राहायला निघाल्यासारखं चकचकीत. काका म्हणाले, जुनं दिसायला हवं, चहाच्या पाण्यात बुडवा. बाळनं पातेलंभर चहा उकळला आणि त्या बिचाऱ्याला आंघोळ घातली. बाहेर निघालं तेव्हा अंगभर डाग, आणि आटून फळीला चारी बाजूंनी बोटभर कमी. सूनबाईनं त्याचं फडकं केलं. अजून ओट्यावर असतं. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

सगळे उपाय थकले तेव्हा बाळ स्वतः ओरिजिनल काकांच्या घरी गेला. तिथे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. काकांनी आधी त्याला हात धुवायला लावले. मग कपाटातून एक पेटी काढली, पेटीतून मलमलीचं गाठोडं काढलं आणि गाठोड्यातून काय निघावं? माझा सख्खा भाऊ! त्याच गिरणीचा, त्याच ठाणातला. रंग जसाच्या तसा, एक धागा विरलेला नाही. बाळच्या तोंडाला पाणी सुटलं. वीतभर तरी द्या, म्हणाला, आईसाठी हवंय. काकांनी गाठोडं परत बांधलं. म्हणाले, "ही वस्तू वापरायची नसते. जपायची असते."

गाठ मारायच्या आधी भावानं मला हळूच विचारलं, काय रे, आवाज अंगातून जातो तेव्हा कसं वाटतं? बघा आता. एवढी वर्षं झाली, त्याच्या अंगातून कुणाचा एक शब्द गेलेला नाही. त्याला ठेवलाय मात्र मलमलीत. मी काय सांगणार? म्हटलं, गुदगुल्या होतात. माझ्या अंगावर ऊन, धूर, टाचण्या, रफू, सगळं होतं. त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला नाही.

त्यानंतर कळलं की लांबच्या गावी एक नादिष्ट वारला आणि त्याच्या घरचे सगळं जुनं सामान काढतायत. बाळ दोन दिवसांसाठी निघाला. गडबडीत बॅग बदलली आणि मी टेबलावर राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी टेबलाशी आल्या. चादर बाजूला करून रेडिओकडे बघितलं. मग पिशवी उघडून मला बाहेर काढलं. किती दिवसांनी तो हात! त्यांनी मला उजेडाकडे धरलं, रफूच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि हसल्या. मग मला उलटं केलं.

अहो, आयुष्यभर माझी एकच बाजू उन्हात होती. दुसरी फळीला चिकटलेली, तिला ऊन नाही, धूर नाही. तपकिरी तशीच, सोनेरी तशीच. दोन वर्षं बाळ मला घेऊन दारोदार फिरला, दुकानदारांनी बघितलं, काकांनी भिंग लावून बघितलं. सगळ्यांनी सरळ बाजू बघितली. पालथं करून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला ठाऊक होतं, रोज वाटायचं ओरडून सांगावं. पण जिनं सगळ्या इमारतीच्या कॉलरी पलटल्या, तिला सांगावं लागलं नाही.

त्यांनी मला गार पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुतलं. पिळलं नाही, पंच्यात गुंडाळून दाबलं आणि सावलीत पसरलं. पिठाची खळ शिजवली. सूनबाईला हातानं खुणा करून बोलावलं आणि दोघींनी मिळून मला फळीवर ताणलं. एकीकडे जरा तिरका झालोय, तो वहिनींच्या थरथरत्या हाताचा दोष. फळी रेडिओत बसवली. सूनबाईनं स्क्रू पिळले. आता लावायचाच बाकी होता, पण वायर कुलपात. वहिनी म्हणाल्या, असू दे, त्याला येऊ दे, त्याच्याच हातानं लागू दे. रेडिओवर चादर न घालता त्या दिवसभर समोर बसून राहिल्या.

बाळ हात हलवत परत आला. रेडिओ बघितला आणि आधी किंचाळलाच, ओरिजिनल कापडाला हात कुणी लावला म्हणून. मग जवळ गेला. मग चष्मा लावला. मग रफूवर बोट ठेवून बघितलं. खिडकी उघडून, दिवा लावून, चारी बाजूंनी फोटो काढले आणि गटावर टाकले. काकांचा निरोप लगेच आला. वा, याला म्हणतात ओरिजिनल, कुठे मिळालं? खाली कोपऱ्यात रफू दिसतंय, तेवढं टाळायला हवं होतं. बाळ खुशीत हसला. आईच्या पाया पडायचं त्याला सुचलं नाही, पण वायर मात्र धावत जाऊन आणली.

वहिनींना समोर खुर्चीत बसवलं. त्यांनी केस नीट केले, पदर सावरला. बाळनं एका हातात मोबाइल धरला, चित्र घ्यायला, आणि दुसऱ्या हातानं बटण फिरवलं. दिवा लागला. जरा खरखर झाली आणि बातम्या सुरू झाल्या, खणखणीत. माझ्या अंगातून परत शब्द गेले आणि काय सांगू, मी सगळं विसरलो, दुकानं, चहा, पिशवी, सगळं. सूनबाई ओले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

वहिनी बाळच्या हाताकडे बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "लाव की रे आता."

बाळला वाटलं आवाज कमी आहे. त्यानं बटण पुढे नेलं. मी असा थरथरलो की खळ सुटते की काय असं झालं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काहीतरी ओरडलं. वहिनी तशाच बसून होत्या, चेहऱ्यावर वाट बघण्याखेरीज काही नाही. मग त्यांनीच त्याची समजूत घातली.

"आज नाही होत का? राहू दे. उद्या लाव."

बाळचा मोबाइल खाली आला. ते चित्रण त्याच्याकडे आहे. ते त्यानं गटावर टाकलेलं नाही.

सूनबाईनं तोंड फिरवलं. बाळ आईच्या पायाशी खाली बसला. एवढा मोठा माणूस, पोट सांभाळत बसला. त्यानं तिचा हात धरला आणि आणून माझ्यावर ठेवला. तळवा टेकला, आणि वहिनींनी श्वास रोखला. पहिल्या दिवसासारखाच हात मागे घेतला, मग परत ठेवला. म्हणाल्या, "अगबाई. श्वास घेतोय. चालू आहे होय! मग सांगायचं नाही का?" आणि लगेच, "काय म्हणतोय तो?"

बाळला रडू आवरेना. पण वहिनी थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केलं. मग तो सांगायला लागला. एकेक शब्द ओठ मोठे करून, आवाज न काढता, तिला दिसेल असा. मंत्रिमहोदयांनी कसलं तरी आवाहन केलं होतं. वहिनींनी ओठ वाचले, विचार केला आणि म्हणाल्या, "अजून तेच सांगतात का मेले?"

आता रोज दुपारी तेच चालतं. बातम्या लागल्या की बाळ आईसमोर बसतो आणि वाक्य वाक्य तिला सांगतो. खरं सांगायचं तर फार वाईट सांगतो. अर्धं गाळतो, उरलेलं चुकवतो. पण वहिनी त्याच्याशी भांडतात, आणि तो ऐकून घेतो. गट त्यानं सोडला. ओरिजिनल काका परवा येऊन गेले. मी थोडा तिरका बसलोय हे त्यांच्या लक्षात आलं. सरळ करून देऊ का म्हणाले. बाळ म्हणाला, हात लावू नका.

माझं म्हणाल तर मी उलटा बसलोय. जुनं तोंड आत गेलं, फळीशी. ज्या बाईचा चेहरा इतकी वर्षं बघितला, तिच्याकडे आता माझी पाठ आहे. पण रोज दुपारी पाठीवर तिचा हात असतो. माझी काही तक्रार नाही.

तुम्हाला मात्र एक सांगतो, राग आला तरी चालेल. तुमच्याही घरात कुणीतरी वाट बघत असेल. त्यांना जे ऐकवायचं असेल ते आज ऐकवा, खरखरत का होईना. जुळणारा रंग, ओरिजिनल वीण, योग्य वेळ, हे सगळं मागाहून बघता येतं. कापड विरलं तर उलटं करून लावता येतं. कान नाही लावता येत.